घर्षणाचा हिशोब : जुन्या शर्यती मोटारसायकलींच्या निमित्ताने

घर्षणाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन याद्या लिहितो. एका बाजूला फायदे : चालता येते, खिळा भिंतीत टिकतो, काडेपेटीची काडी पेटते. दुसऱ्या बाजूला तोटे : यंत्रे झिजतात, ऊर्जा वाया जाते. मुले दोन्ही याद्या पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. पण या दोन्ही याद्या एकाच यंत्रात, एकाच क्षणी, एका माणसाच्या जिवाशी निगडित झालेल्या दाखवणारे उदाहरण सहसा हाती लागत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या मोटारसायकली आणि त्या आजही ट्रॅकवर वेगाने पळवणारे हौशी स्वार हे असे एक उदाहरण आहे.

युरोपात अशा जुन्या मोटारसायकलींचे मेळावे शनिवार-रविवार धरून भरतात. त्यांतला एक प्रसिद्ध मेळावा इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्स परगण्यातील गुडवुड येथे सप्टेंबर महिन्यात होतो. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. तळाभोवती फिरणारा जो रस्ता होता, त्याचाच १९४८ मध्ये शर्यतीचा ट्रॅक झाला. लांबी सुमारे ३.८ किलोमीटर. १९६६ मध्ये तिथल्या शर्यती थांबल्या आणि १९९८ मध्ये जुन्या गाड्यांसाठी पुन्हा सुरू झाल्या. युद्धानंतर ओसाड पडलेल्या विमानतळांवर शर्यती सुरू होणे ही त्या काळातली नित्याची गोष्ट होती. सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक असाच जन्मला आणि आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतीही जुन्या धावपट्टीवरच होत असत.

या मेळाव्यांत येणारे सगळेच स्वार तरुण नसतात. १९७६ आणि १९७७ चा ५०० सीसी गटातला जगज्जेता बॅरी शीन याने २००२ मध्ये, कर्करोगाचे निदान झालेले असताना, गुडवुडला मँक्स नॉर्टन चालवून शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी तो वारला. आज तिथली मोटारसायकलींची शर्यत त्याच्या नावाने होते.

ही मँक्स नॉर्टनच आपण नमुना म्हणून घेऊ. एकच सिलिंडर, ४९८ सीसी, शक्ती ५० अश्वशक्तीच्या आसपास, वजन सुमारे १४० किलो. १९५० मध्ये बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी तिच्यासाठी नळ्यांची एक नवी चौकट तयार केली. ती इतकी ताठ होती की वळणावर पुढचे आणि मागचे चाक एकाच प्रतलात राहत. पुढच्या वर्षी जेफ ड्यूक याने याच गाडीवर ५०० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. गाडीला किक नाही की बटण नाही. स्वार गिअर टाकून गाडी थोडी मागे ओढतो, क्लच दाबून धरतो, चार-सहा पावले गाडीबरोबर पळतो, क्लच सोडतो आणि त्याच क्षणी बाजूने आसनावर अंग टाकतो. मागचे चाक रस्त्यावर घसरले नाही तरच ते इंजिन फिरवू शकते. त्यासाठी अंगाचे वजन नेमके त्या क्षणी चाकावर पडावे लागते. घर्षणबल हे अभिलंब बलाच्या प्रमाणात असते, हा नियम स्वार इथे अंगाने पाळतो.

गाडी सुरू झाली की पहिला प्रश्न वळणाचा. वळणासाठी अभिकेंद्री बल लागते आणि ते पुरवणारी जागा एकच, ती म्हणजे टायर आणि रस्ता जिथे टेकतात तो तळहाताएवढा ठिपका. गाडी आतल्या बाजूला किती कलते, याचे सूत्र सोपे आहे. कलण्याच्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वीय त्वरण आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार. १०० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने घेतले, तर टॅन येतो ०.६४ आणि कोन सुमारे ३२ अंश. तेच वळण ताशी १०८ किलोमीटरने घेतले, तर टॅन ०.९२ आणि कोन सुमारे ४२ अंश. वेग पाचव्या हिश्शाने वाढला, पण घर्षणाकडून केलेली मागणी ४४ टक्क्यांनी वाढली. मुलांना हा वेगाचा वर्ग कागदावर दिसतो, पण तो अंगावर येतो तो असा.

आता एक प्रयोग. सायकलच्या टाकाऊ टायरचा दोन बोटे लांब तुकडा कापून लाकडाच्या ठोकळ्याला खालून चिकटवा. ठोकळा एका फरशीवर ठेवून फरशीचे एक टोक सावकाश उचला. ठोकळा ज्या कोनाला घसरू लागतो, त्या कोनाचा टॅन म्हणजे रबर आणि फरशी यांच्यातला घर्षणगुणांक. हे आपल्या परिचयाचे आहे. पण सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, वळणावर गाडी जास्तीत जास्त जेवढी कलू शकते तो कोन आणि हा घसरण्याचा कोन एकच. कारण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : पृष्ठभागाला समांतर असलेले बल आणि त्यावर लंब असलेले बल यांचे गुणोत्तर कुठवर ताणता येते? तीच फरशी ओली करा, मग तिच्यावर थोडी बारीक वाळू टाका, मग दोन थेंब तेल. प्रत्येक वेळी कोन मोजा. ट्रॅकवरच्या स्वाराला हा तक्ता डोक्यात ठेवावा लागतो. आपल्या दहावी-बारावीच्या मुलांनाही तो ठेवावा लागतो, कारण तीही पहिल्या पावसात दुचाकी घेऊन बाहेर पडतात. २० मीटर त्रिज्येचे गावातले वळण घ्या. घर्षणगुणांक ०.९ असेल, तर ते ताशी ४८ किलोमीटरपर्यंत घेता येते. ओल्या, मळकट रस्त्यावर गुणांक ०.४ वर आला, तर ३२ च्या वर गाडी घसरते. हेही आदर्श परिस्थितीतले आकडे आहेत. रस्त्यावर एखादा खड्डा किंवा डिझेलचा डाग आला की तेवढेही उरत नाहीत.

काही शिक्षक सांगतात की घर्षणगुणांक एकापेक्षा जास्त असूच शकत नाही. या समजाला भौतिकशास्त्रात काहीही आधार नाही. रबर हा पदार्थ तर नेहमीच्या नियमांना बराच फाटा देतो. ते रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरते आणि दगडाच्या कणांना चिकटतेही. दाबले जाऊन पुन्हा पूर्ववत होताना ते काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावते. या दोन्ही गोष्टी मिळून त्याचे घर्षण बनते. आजच्या सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींत गाड्या ६० अंशांपलीकडे कलतात आणि ६० अंशांचा टॅन १.७३ आहे. मँक्स नॉर्टनचे टायर आजच्या गाड्यांच्या मानाने सायकलचे वाटावेत इतके अरुंद असतात. याचा एक फायदाही आहे. रुंद टायरची गाडी कलली की टेकण्याचा ठिपका आतल्या बाजूला सरकतो, त्यामुळे तेच वळण त्याच वेगाने घेण्यासाठी ती आणखी थोडी कलवावी लागते. अरुंद टायरला हा जास्तीचा कर भरावा लागत नाही. रबर जुने झाले की हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडक होते, म्हणून मेळाव्यांतल्या गाड्यांचे टायर नवेच असतात : माप जुने, रबर आजचे. यावर नाक मुरडणारे शुद्धतावादी तिथे भेटतात. आम्हाला विचाराल, तर काचेच्या कपाटातल्या अस्सल गाडीपेक्षा नव्या टायरवर धावणारी गाडी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जास्त शिकवते.

गाडी कलवायची कशी, हाही प्रश्नच आहे. उजवीकडे वळायचे तर हँडल उजवीकडे फिरवायचे, असे कोणीही सांगेल. वेगात असताना खरे घडते ते उलटे. स्वार उजवी मूठ हलकेच पुढे ढकलतो. पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते आणि घर्षणामुळे टेकण्याचा ठिपका गुरुत्वमध्याच्या खालून डावीकडे निघून जातो. आधार डावीकडे सरकला म्हणून गाडी उजवीकडे कलते आणि मगच चाक उजवीकडे वळते. तळहातावर उभी काठी तोलताना ती उजवीकडे झुकवायची असेल, तर आपण हात आधी डावीकडे नेतो, तसेच हे. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर याच्या लक्षात आले होते की, सायकलस्वार हे रोज करतात, पण विचारले तर एकालाही सांगता येत नाही. मोकळ्या मैदानावर, बेताच्या वेगात, सायकलच्या मुठीवर फक्त तळहात टेकवून मुलांना ते अनुभवता येईल. गाडी जितकी वेगात, तितका हा धक्का जोराने द्यावा लागतो, कारण फिरणारी चाके आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी बदलू देत नाहीत. जुन्या गाड्यांची चाके मोठी, १८ किंवा १९ इंचांची. त्यामुळे डाव्या वळणातून उजव्या वळणात गाडी टाकताना स्वाराला खांद्याचा जोर लावावा लागतो.

वळणावरच्या संकटाचे मूळ मात्र यापेक्षा साध्या गोष्टीत आहे. टायरजवळ घर्षणाचा एकच साठा असतो. वळण्यासाठी, ब्रेक लावण्यासाठी आणि वेग वाढवण्यासाठी लागणारे बल त्याच साठ्यातून घ्यावे लागते. ही बले सदिश आहेत आणि त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते. साठा १ मानला आणि वळणासाठी ०.८ वापरला, तर ब्रेकसाठी ०.६ उरतो, कारण ०.८ चा वर्ग अधिक ०.६ चा वर्ग बरोबर १. ऐकायला हे चांगले वाटते. पण वळणासाठी ०.९२ वापरला, तर ब्रेकला जेमतेम ०.४ उरतो, आणि पूर्ण १ वापरला, तर शून्य. त्या अवस्थेत घाबरून ब्रेक दाबला की पुढचे चाक घसरणारच. आजच्या गाड्यांत हा हिशोब संगणक सेकंदाला कित्येक वेळा करतो आणि ब्रेकचा दाब आपोआप सोडतो. मँक्स नॉर्टनवर तो उजव्या हाताच्या बोटांनी करायचा असतो. म्हणून जुन्या पद्धतीचे स्वार बहुतेक ब्रेक गाडी सरळ असतानाच उरकतात आणि कलण्याबरोबर बोटे हळूहळू सैल करतात.

ब्रेक म्हणजे पुन्हा घर्षणच. गाडी, स्वार आणि पेट्रोल मिळून २२० किलो धरू. ताशी १८० किलोमीटरवरून ९० वर यायचे, तर दोन लाख जूलांहून थोडी अधिक गतिज ऊर्जा काढून टाकावी लागते. चार-पाच कप चहाचे पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. फरक एवढाच की, चहाला काही मिनिटे मिळतात, इथे चार सेकंद. म्हणजे ऊर्जा काढून घेण्याचा दर ५० किलोवॅटच्या घरात, इंजिनाच्या शक्तीपेक्षा जास्त. यातला काही वाटा हवेचा विरोध उचलतो, पण बाकीची सर्व उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. आपल्या जुन्या स्कूटरींना असतो तसाच हा ड्रम, फक्त मोठा आणि हवा आत घेण्यासाठी पुढे तोंड असलेला. आतले ब्रेक-शू बाहेर फाकून ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर घासतात. शूची मांडणी अशी असते की फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. स्वाराने थोडे दाबावे आणि घर्षणाने त्यात भर घालावी, ही युक्ती मोठी सुरेख आहे. पण तिचा दुसरा भाग धोक्याचा आहे. ब्रेक तापला की अस्तराचा घर्षणगुणांक उतरतो, आणि मदत घर्षणाच्याच प्रमाणात असल्याने तीही त्याच वेळी उतरते. शिवाय ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. पहिल्या फेरीत दोन बोटांनी लागणारा ब्रेक पाचव्या फेरीत मुठीला टेकेपर्यंत दाबावा लागतो. डिस्क ब्रेकमध्ये चकती तापून जाड होते, ती पॅडकडे येते. त्यामुळे पुढे डिस्कने ड्रमला मागे टाकले यात नवल नाही. ड्रमच्या गाडीवर शहाणा स्वार प्रत्येक फेरीत ब्रेकची जागा थोडी अलीकडे आणतो आणि ब्रेकला श्वास घ्यायला वेळ देतो.

आता घर्षण नको असलेल्या जागेकडे, म्हणजे इंजिनाच्या आत, वळू. गुडवुडच्या मेळाव्यात आम्ही प्रेक्षक म्हणून गेलो होतो, तेव्हा गाड्या दिसण्याआधी वास आला. उग्र, किंचित गोडसर असा जळक्या एरंडेलाचा वास. लहानपणी ज्याच्या चमच्याला घाबरून आम्ही माजघरात लपत असू, तेच हे एरंडेल. मँक्स नॉर्टनचा पिस्टन ८५.६ मिलिमीटरच्या धावेत वरखाली होतो. मिनिटाला ७,००० फेरे धरले, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर येतो, आणि टोकाला दिशा उलटताना त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या दोन हजार पटींहून जास्त असते. नेमक्या त्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा थर पातळ होतो आणि धातूला धातू टेकण्याची भीती असते. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे नव्वद टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्याच्या लांब साखळीवर मध्येच एक हायड्रॉक्सिल गट लटकलेला असतो. या ध्रुवीय गटांमुळे तेलाचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि एकमेकांनाही ओढतात. म्हणून एरंडेल दाट असते, तापल्यावरही धातू सोडत नाही आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळून वाहूनही जात नाही. पहिल्या महायुद्धातली कित्येक विमाने यावरच उडाली. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले, ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. आजही जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि तिचा मोठा वाटा गुजरातचा असतो. एरंडेलाचा दोष असा की ते उष्णतेने बहुवारिक होते आणि डिंकासारखे चिकट, मग लाखेसारखे कडक बनते. म्हणून मेळावा संपला की ते काढून टाकावे लागते आणि इंजिन वरचेवर उघडून खरवडावे लागते. आज कृत्रिम तेले त्याच्याहून सरस आहेत. तरी बरेच जण वासासाठी एरंडेल वापरतात, हे आम्ही समजू शकतो.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या टू-स्ट्रोक गाड्यांना तर तेलाचा हिशोब आणखी कडक. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ येथील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने टू-स्ट्रोकच्या धुराड्याचा सखोल अभ्यास केला. धुराडे आधी रुंदावत जाते आणि मग निमुळते होते. रुंद भागातून परतणारी दाबाची लाट जळका वायू ओढून घेते. निमुळत्या भागावरून परतणारी लाट बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. मिनिटाला १०,००० फेरे असताना एक फेरा ६ मिलिसेकंदांचा. धुराचे दार त्यातली निम्मी वेळ उघडे असते आणि तापलेल्या वायूत ध्वनिलहर सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावते. म्हणजे लाटेने जाऊन-येऊन दीड मीटर कापायचे, लांबी पाऊण मीटर. १९६१ मध्ये काडेन यांनी १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती मिळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीनंतर त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला, बरोबर हे सारे ज्ञान घेऊन. १९६२ मध्ये त्याने सुझुकीला ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवून दिले. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवरच्या एका वळणाला आजही त्याचे नाव आहे. काडेन यांच्या वाट्याला मात्र असे यश आले नाही, याची आम्हाला नेहमी हळहळ वाटते. एस्कॉर्ट्सने आपल्याकडे १९८३ पासून विकलेली राजदूत ३५० ही यामाहाची गाडी याच जातकुळीची. तिची शक्ती एका ठरावीक वेगानंतर एकदम कशी येते, हे ती चालवलेल्यांना ठाऊक आहे. लाट फक्त त्या फेऱ्यांनाच वेळेवर परतते. गाडी कललेली असताना हा धक्का मागच्या चाकाला बसला, तर घर्षणाचा साठा क्षणात संपतो.

या इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. सरळ रस्त्याच्या शेवटी स्वार थ्रॉटल बंद करतो, तेव्हा पेट्रोलबरोबर तेलही थांबते, पण चाकाने ओढलेले इंजिन वेगात फिरतच असते. पिस्टन अॅल्युमिनियमचा. ५४ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणखी १०० अंशांनी तापला, तर ०.१२ मिलिमीटरने फुगतो. त्याच्या भोवतीचे ओतीव लोखंड एवढे तापले, तरी त्याच्या निम्मेच फुगते, आणि दोघांमधली जागा मुळातच मिलिमीटरच्या काही शतांशांची. जागा संपली की पिस्टन धरतो, इंजिन थांबते आणि त्याबरोबर मागचे चाकही. फिरणारे चाक जाम होऊन सरकू लागले की बाजूचा आधार राहत नाही. यावर उपाय एकच : क्लच दाबून इंजिन आणि चाक वेगळे करणे, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. म्हणून जुन्या टू-स्ट्रोकच्या स्वाराची डाव्या हाताची दोन बोटे सदैव क्लचवर टेकलेली असतात. शर्यत संपल्यावरच्या सावकाश फेरीतही तो ती काढत नाही, कारण नेमका तेव्हाच थ्रॉटल बंद असतो आणि पिस्टन अजून तापलेला.